पंडिता रमाबाई : गंगामूळ ते केडगाव

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की पुणे आणि केडगाव आठवते. त्यांचा जन्म मात्र आपल्या या कर्नाटकात झाला. आनेकलहून पश्चिमेकडे निघाले तर दिवसभराच्या प्रवासानंतर कुद्रेमुखचे डोंगर लागतात. तिथे गंगामूळ नावाच्या जंगलात तुंगा आणि भद्रा या नद्या उगम पावतात. २३ एप्रिल १८५८ रोजी त्या जंगलातल्या एका घरात रमाबाई जन्मल्या. म्हणून आपल्या शाळेच्या मराठी पानावर त्यांच्याविषयी लिहायला मला दुप्पट हक्क आहे असे वाटते.

एवढ्या जंगलात एक मराठी शास्त्री कुटुंब काय करत होते? त्यामागे एक भांडण आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात शिकत होते. त्यांच्या गुरूंकडे पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवण्याचे काम होते. बाईमाणूस संस्कृत म्हणू शकते हे त्यांनी तिथे पाहिले आणि आपणही पत्नीला शिकवायचे ठरवले. दुसऱ्या लग्नाच्या वेळी पत्नी लक्ष्मीबाई नऊ वर्षांची होती आणि शास्त्रीबुवा चाळिशी ओलांडलेले होते. आज हे वाचताना आपण दचकतो, पण त्या काळी यात कोणाला वावगे दिसले नाही. वावगे दिसले ते तिला संस्कृत शिकवण्यात. त्यासाठी शास्त्रीबुवांना उडुपीच्या विद्वानांसमोर जाऊन उत्तर द्यावे लागले. त्यांनी शास्त्रांतले आधार काढून दाखवले आणि ते सुटले. पण लोकांच्या बोलण्याचा कंटाळा आला म्हणून त्यांनी जंगलात घर बांधले आणि तिथेच विद्यार्थी शिकवू लागले.

रमा सहा महिन्यांची असताना कर्जामुळे ते घरही सोडावे लागले. वेताच्या मोठ्या पेटाऱ्यात तिला ठेवले आणि तो डोक्यावर घेऊन एक माणूस डोंगर उतरला. तिच्या आयुष्यातला हा पहिला प्रवास. पुढे पंधरा-सोळा वर्षे हे कुटुंब चालतच राहिले. एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्याला जायचे, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक जे धान्य-पैसे ठेवतील त्यावर राहायचे. शाळा नाही, पाटी नाही. आई पहाटे उठवून तोंडी धडा देत असे आणि आई म्हणेल ते पाठ करायचे. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक मुलीच्या जिभेवर आले. मराठी घरातली, कानडी रस्त्यातली आणि हिंदी पुढच्या प्रवासातली, अशा भाषाही जमत गेल्या.

मुलांनी देवाची सेवा सोडून दुसरे काही शिकू नये असे शास्त्रीबुवांना वाटे. त्यामुळे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा घरात विद्या होती, पण पोट भरेल असे एकही काम कोणाला येत नव्हते. जवळचे पैसे संपले, मग भांडी विकली, मग दागिने. भीक मागायची लाज वाटे. शेवटी सगळे जंगलात जाऊन मरणाची वाट पाहू लागले. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि मोठी बहीण तिघेही गेले. वडील तेव्हा आंधळे झाले होते. त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि आपण तुला देवाच्या हाती दिले आहे, आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असे सांगितले. रमाबाईंनी पुढे धर्म बदलला तरी हे सांगणे विसरल्या नाहीत. आपण वडिलांची आज्ञा मोडली असे त्यांना कधी वाटले नसावे. ज्याच्या हाती मला दिले तो कोण, एवढेच त्या शोधत राहिल्या, असे मला त्यांचे चरित्र वाचून वाटते.

सोळा वर्षांची रमा आणि तिचा मोठा भाऊ श्रीनिवास, दोघेच उरले. हजारो मैल ते पायी चालले. आमच्या रूट मार्चला पाण्याची बाटली असते आणि मागून गाडी येते. या दोघांकडे धड पांघरूणही नव्हते. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे केले, आत शिरले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. या सगळ्यात उपास आणि व्रते चालूच होती. हिमालयाच्या बाजूला एका तळ्यावर सात डोंगर पाण्यावर तरंगतात आणि पुण्यवान माणूस दिसला की ते काठाशी येतात, असे त्यांनी ऐकले होते. तळ्यात मगरी आहेत म्हणून कोणी पाण्यात उतरू नये, असे तिथल्या पुजाऱ्याने बजावले. श्रीनिवास पहाटे पोहत गेला. पाहतो तर तराफ्यांवर दगडमाती रचून झाडे लावलेली, आणि मागून होडीतला माणूस ते ढकलणार! त्या दिवशी भावंडांच्या मनातले काहीतरी तुटले. फसवणूक एका माणसाची होती, सगळ्या धर्माची नव्हती, हे खरे. पण ज्यांचे आईवडील व्रते करता करता उपाशी मेले त्यांना ती फार लागली.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात रमाबाईंनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. माणसे खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकत होती. या लोकांचा देव म्हणजे खुर्ची असणार, असा दोघा भावंडांनी अंदाज केला! त्यांना संस्कृतातले बायबलही भेट मिळाले, पण ती भाषा त्यांच्या ओळखीच्या संस्कृतापेक्षा इतकी वेगळी होती की ते वाचवेना.

केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंना वेद वाचले का असे विचारले आणि एक वेद हातात ठेवला. बायकांना तो अधिकार नाही असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. वाचायला लागल्यावर मात्र प्रश्न वाढले. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यायची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रेही वाचून काढली. ग्रंथ एकमेकांशी कितीतरी बाबतीत भांडतात, पण स्त्री आणि शूद्र यांना खालची जागा देण्यात सगळ्यांचे एकमत आहे, असे त्यांना दिसले. ज्या ग्रंथांच्या ज्ञानासाठी लोक आपल्याला सरस्वती म्हणतात त्याच ग्रंथांत आपल्याला जागा नाही, ही गोष्ट किती बोचली असेल याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे.

१८८० साली श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडचे लोक नाराज झाले. ती दोघे आसामात सिलचरला राहत. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती आवडली. एक मिशनरी घरी येऊन समजावून सांगू लागला. मला ख्रिस्ती व्हावेसे वाटते, असे त्या म्हणाल्या तेव्हा बिपिनबाबू रागावले आणि विषय तिथेच थांबला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. चोवीस वर्षे पूर्ण होण्याआधीच रमाबाई विधवा झाल्या आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

त्या पुण्याला आल्या. इथला भाग सगळ्यांना माहीत असतो म्हणून थोडक्यात सांगतो. न्या. रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांना आधार दिला, त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे मुलींच्या शिक्षणासाठी साक्ष दिली. पुस्तकाच्या विक्रीतून पैसे जमले, तेव्हा वैद्यकी शिकायची म्हणून १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या.

इंग्लंडात वाँटेज या गावी त्या सेंट मेरी संघाच्या सिस्टरांकडे उतरल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होणे शक्य नव्हते, हे लवकरच कळले. पण दुसरे एक दार उघडले. सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलम येथील आश्रमात नेले. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या. त्यांची सेवा चांगल्या घरातल्या शिकलेल्या स्त्रिया करत होत्या. अशा बायकांना देशात काय शिक्षा होते हे रमाबाई जाणून होत्या. या दोघींत एवढे प्रेम कुठून आले, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. परजातीची आणि बदनाम झालेली ती बाई विहिरीवर पाणी भरायला येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि देवाची उपासना अमुक डोंगरावरच करायची असे नाही, हे तिला समजावून सांगतो. ज्यांनी लहानपणापासून एकेक तीर्थ पायी गाठले आणि कुठेच देव भेटला नाही, त्या रमाबाईंना ही गोष्ट आपल्यासाठीच सांगितल्यासारखी वाटली असणार. शिवाय बोलणारा कोणाशी बोलतो आहे? एका बाईशी! मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण असलेल्या फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी धर्माविषयी झालेली चर्चाही त्यांच्या मनात होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक गोष्टींत बाप्तिस्मा हा शेवट असतो. मला मात्र यापुढचा भाग जास्त आवडतो, कारण खरी लढाई यापुढे आहे. सिस्टर जेराल्डिन ही रमाबाईंची धर्ममाता. नवी मुलगी आता मुकाट्याने सगळे ऐकेल अशी तिची अपेक्षा होती. रमाबाई तर प्रश्नांवर प्रश्न विचारत होत्या. एक देव तीन कसा? चर्चची अमुक शिकवण बायबलात कुठे आहे? त्या मांसाहार करीनात, हा जातीचा अभिमान आहे असे सिस्टरांना वाटले. आपल्या लोकांची रीत मला आवडते आणि ती सोडल्याने मी जास्त चांगली ख्रिस्ती होणार नाही, असे रमाबाईंचे म्हणणे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. ती आपल्या लोकांना कळणार नाहीत, जुनी पवित्र भाषाच हवी असेल तर संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा बिशप नको म्हणाले. भारतात मी भरसभेत पुरुषांपुढे बोलले आहे आणि इथे मला बंदी, याचा त्यांना संताप आला. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून मी दुसऱ्याच्या हाती जाणार नाही, असे त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवले.

शिट्टी वाजली की उभे राहणाऱ्या आम्हा कॅडेटांना हे जरा अवघड जाते. उस्तादांनी एक शब्द टाकला की का असे विचारायचे नसते, आणि मैदानावर ते बरोबरही आहे. पण रमाबाई उद्धट नव्हत्या. सिस्टरला त्या शेवटपर्यंत प्रेमाने पत्रे लिहीत राहिल्या. जिथे फक्त देव आणि आपण एवढेच असतो तिथे तिसऱ्याचा हुकूम चालत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी आश्रय देणाऱ्यांची नाराजी पत्करली.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. हिंदू विधवांची स्थिती सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. बोस्टनच्या लोकांनी संस्था स्थापून दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. त्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. धोंडो केशव कर्वे यांनी जिच्याशी पुनर्विवाह केला तीच ही.

सदनात धर्म शिकवायचा नाही अशी अट होती. ती रमाबाई पाळत. पण सकाळी स्वतःच्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करताना त्या दार लावून घेत नसत. उघडे दार पाहून मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गडबड उडाली, केसरीतून टीका झाली आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. मला इथे दोन्ही बाजू कळतात. आईवडिलांनी विश्वासाने मुलगी ठेवली होती आणि ती दुसऱ्या धर्माकडे ओढली गेली तर त्यांना भीती वाटणारच. दुसरीकडे, स्वतःच्या खोलीचे दार लावून, लपून देवाला हाक मारायची हे रमाबाईंना जमणारे नव्हते. वाँटेजला त्या हट्टी हिंदू ठरल्या होत्या आणि पुण्यात बाटलेली ख्रिस्ती. आपली म्हणायला कोणी तयार नव्हते.

आणि आतून? याच काळाविषयी त्यांनी आपल्या आठवणींत एक गोष्ट कबूल केली आहे, ती मला सगळ्यांत धीट वाटते. आठ वर्षे आपण ख्रिस्ती धर्म पाळत होतो, पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नव्हता, असे त्या सांगतात. धर्म पटला होता बुद्धीला. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना, उपदेशक असूनही आपण आतून कोरडेच होतो हे त्याला कसे कळले, ते त्यांनी वाचले आणि आपलेही तेच आहे हे त्यांच्या ध्यानात आले. मग विद्या, पदव्या, केलेली कामे यांतले काहीही पुढे न करता त्या जशा होत्या तशा देवापुढे गेल्या. देव आपला बाप आहे आणि आपण त्याचे मूल आहोत, ही खात्री तेव्हा आली. वडील आणि आई दुष्काळात गमावलेल्या बाईला ही खात्री काय वाटली असेल! यानंतर लोक काय म्हणतात याविषयीचा त्यांचा त्रास कमी झालेला दिसतो.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. सोळाव्या वर्षी पाहिलेला दुष्काळ डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली घेऊन आल्या. पुढच्या वर्षापर्यंत ही संख्या सुमारे तीनशेवर गेली. पुण्यात प्लेग सुरू होता, त्यामुळे एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. केडगावला संस्थेची शेतजमीन होती, तिथे तंबू ठोकले. त्यातूनच १८९८ मध्ये मुक्तिसदन उभे राहिले. बेंगळुरूहून पुण्याला जाणारी आपली गाडी दौंड सोडल्यावर थोड्या वेळाने याच केडगावातून जाते. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि मुक्तिसदनातली संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. आपल्या शाळेच्या मेसमध्ये काही शे मुलांचे जेवण वेळेवर निघावे म्हणून किती धावपळ होते ते आपण पाहतो. इथे दोन हजार, आणि त्यांतल्या कित्येक आजारी! विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या. विणकाम, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना, सगळी कामे मुलीच करत. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल शिकवण्याची सोय झाली आणि त्यात मनोरमा पुढे होती. प्रत्येक मुलीला एक तरी हाताचे काम आले पाहिजे यावर रमाबाईंचा भर होता. विद्या असून उपाशी मेलेले घर त्यांनी पाहिले होते.

१९०५ मध्ये मुक्तिसदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. त्याविषयी देशोदेशी लिहिले गेले. रमाबाई मात्र त्याच सुमारास एका शांत कामाला लागल्या होत्या. बायबलचे मराठी भाषांतर तेव्हा उपलब्ध होते, पण त्यातले संस्कृत शब्द खेड्यातून आलेल्या मुलींना कळत नसत. पुरुषांनाही हसवील एवढे संस्कृत ज्यांना येत होते, त्यांनीच सोप्या मराठीसाठी बसावे याची मला गंमत वाटते. इंग्रजीवरून भाषांतर करणे सोपे होते, पण तो मार्ग त्यांनी घेतला नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून एकेक ओळ मराठीत आणू लागल्या. केडगावच्याच बायका खिळे जुळवत आणि छापत. स्वतःला देवाची ओळख परभाषेतून, आधी बंगालीत आणि मग इंग्रजीत झाली होती. या मुलींना ती घरच्या बोलीत व्हावी असे त्यांना वाटले. हे काम अठरा वर्षांच्या आसपास चालले.

काम संपत आले असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. आपल्यामागे संस्था तीच पाहील, असे सगळे धरून चालले होते. ऐकू येणे तोवर फारच कमी झाले होते. रमाबाई मुद्रितांचे कागद तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले. भाषांतर पूर्ण झाले होते. उरलेले छपाईचे काम छापखान्यातल्या बायकांनी पुढे नेले आणि १९२४ मध्ये ते मराठी बायबल बाहेर पडले.